जुना सीआरटी प्रोजेक्टर: आधी पान्हा, मग रिमोट

तीन डोळ्यांचा जुना सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबचा, प्रोजेक्टर घरात आला की पहिला मोह होतो तो प्लग लावून बघण्याचा. तो आवरा. बरीच वर्षं बंद असलेल्या यंत्रातले कपॅसिटर सुकलेले असतात, पंखे अडकलेले असतात, बोर्डांवर धुळीचा थर असतो. अशा अवस्थेत एकदम पूर्ण वीज दिली तर जे सहज दुरुस्त झालं असतं तेही जळून जाऊ शकतं. आधी झाकण उघडायचं, नीट बघायचं, साफ करायचं. वीज सगळ्यात शेवटी.

एवढा खटाटोप करण्याच्या लायकीचं हे यंत्र आहे का, असं लोक विचारतात. माझं उत्तर ठाम हो. ट्यूबवर जिथे इलेक्ट्रॉनांचा झोत पडत नाही तिथून उजेड निघतच नाही, म्हणून अंधाऱ्या खोलीत काळा रंग खरोखर काळा दिसतो. दिव्याचा उजेड पॅनेलने अडवणाऱ्या प्रोजेक्टरांत थोडा उजेड झिरपतोच. हलणारी माणसंही इथे स्वच्छ दिसतात, कारण फॉस्फरवरचा, म्हणजे ट्यूबच्या तोंडावरच्या उजळणाऱ्या थरावरचा, ठिपका क्षणभर उजळतो आणि विझतो. पुढचं चित्र येईपर्यंत तो तसाच धरून ठेवलेला नसतो. रात्रीच्या दृश्यात काळ्या कोटाच्या घड्या वेगवेगळ्या दिसायला लागल्या की मला अजूनही तितकाच आनंद होतो.

पण हे सगळं नीट लावलेल्या यंत्राबद्दल. तीन ट्यूब, तीन लेन्स, तीन वेगळे कोन, आणि पडद्यावर मात्र एकच चित्र उमटायला हवं. त्यासाठी मी एक नियम पाळतो: जे काम पान्ह्याचं आहे ते रिमोटने करायचं नाही. प्रोजेक्टर तिरका ठेवलेला असेल तर चित्र रिमोटवरून सरळ करता येतं, नाही असं नाही. पण मग तिन्ही रंग एकमेकांवर बसवणाऱ्या कन्व्हर्जन्सच्या सर्किटला कायम जोर लावावा लागतो, ते तापतं, आणि कोपऱ्यातली धार गेली की ती कोणत्याच बटणाने परत येत नाही. या लेखातला क्रम त्या नियमावरूनच आला आहे. तो मोडला तर मागचं काम पुन्हा करावं लागतं.

माझ्याकडचं यंत्र आठ इंची ट्यूबचं, इलेक्ट्रोमॅग्नेटिक फोकसचं आणि ग्लायकॉल या द्रवाने लेन्स जोडलेलं आहे. सोनी, बार्को, इलेक्ट्रोहोम, एनईसी अशा कोणाचंही असलं तरी तत्त्व तेच. मेनूतली नावं बदलतात. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मात्र मिळवाच. त्यात दिलेलं व्होल्टेज आणि अंतरं माझ्या सांगण्यापेक्षा वरचढ माना.

ट्यूब आधी बघा

बोर्ड दुरुस्त होतात, झिजलेली ट्यूब होत नाही. यंत्र बंद असताना लेन्समधून टॉर्च मारून तिन्ही ट्यूबच्या तोंडाकडे तिरकं बघा. जिथे वर्षानुवर्षं चित्र उमटत होतं तिथे फॉस्फर तपकिरी-पिवळसर पडतो आणि आयताची कड दिसते. फिकट, सगळीकडे सारखा आयत असेल तर काम भागतं. मेनूच्या रेषा किंवा अक्षरं कोरल्यासारखी दिसत असतील तर ती पांढऱ्या दृश्यात दिसत राहणार. जुन्या ४:३ चित्राचा आयत आणि आत १६:९ चा आयत, असे दोन थर दिसले तर समजा यंत्र दोन तऱ्हांनी वापरलं गेलंय. नवं चित्र दोन्हींच्या कडा ओलांडणार असेल तर ती कड पडद्यावर उमटेल. तासांच्या मीटरवर विसंबू नका. कमी तास पण सतत भडक कॉन्ट्रास्ट, अशी ट्यूब जास्त तास चाललेल्या ट्यूबपेक्षा वाईट असू शकते.

सगळ्यात काळजीपूर्वक हिरवी ट्यूब बघा. हायडेफिनिशन व्हिडिओच्या हिशोबात पांढऱ्या उजेडातला ७० टक्क्यांहून थोडा जास्त वाटा हिरव्याचा असतो, लाल २१ टक्क्यांच्या आसपास आणि निळा जेमतेम ७ टक्के. डोळ्याला जाणवणारी धार हिरव्यातून येते. पुढच्या सगळ्या जुळवणीत हिरवा हा पाया का, तेही यातच आलं.

विजेशी गाठ

ट्यूबच्या अॅनोडला ३०,००० व्होल्टच्या वर दाब असतो. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असू शकतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ तिथे राहतो. टीव्हीचं काम केलेल्यांना हे नवं नाही. ज्यांनी चालू सर्किटवर कधी हात ठेवलेला नाही त्यांनी बोर्डांची दुरुस्ती जाणकार टेक्निशियनकडे द्यावी आणि लेन्स, जुळवणी, रंग हा भाग स्वतः करावा. त्यात काही कमीपणा नाही, आणि चित्राचा दर्जा बराचसा त्या भागातच ठरतो.

काम करणाऱ्यांसाठी: अंगठी, कडं, घड्याळ काढा. प्लग काढून थांबा, मग मोठे कपॅसिटर योग्य वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवा आणि मीटर लावून शून्य झाल्याची खात्री करा. पेचकसने शॉर्ट करायची सवय असेल तर ती इथे सोडा. ठिणगीचा झटका जवळच्या आयसीला मारतो. ईएचटीची (अॅनोडला जाणाऱ्या उच्च दाबाची) तार काढायची असेल तर ट्यूबसुद्धा कपॅसिटरसारखी चार्ज धरते हे लक्षात ठेवा. ती उच्च रोधाच्या डिस्चार्ज प्रोबमधून चासीला उतरवा, थोड्या वेळाने पुन्हा एकदा उतरवा, कारण थोडा चार्ज परत चढतो. चालू यंत्रात माप घ्यावंच लागलं तर एक हात पाठीमागे, आणि खोलीत दुसरं माणूस हवं, ज्याला मेन स्विच कुठे आहे हे माहीत आहे.

ट्यूबभोवतीचं शील्डिंग काढून यंत्र चालवू नका. एवढ्या दाबावर क्ष-किरण निर्माण होतात आणि ते अडवण्यासाठीच ती रचना आहे. ईएचटी वाढवणं आणि प्रोटेक्शन सर्किट बायपास करणं, या दोन गोष्टी कितीही मोह झाला तरी करायच्या नाहीत.

बोर्डांची दुरुस्ती

मऊ ब्रश आणि ब्लोअर घेऊन धूळ काढा. ईएचटीच्या ब्लॉकभोवती जास्त लक्ष द्या, कारण धूळ आणि दमट हवा एकत्र आली की तिथून ठिणगी उडते आणि चटचट आवाज येतो. पंखे हाताने फिरवून बघा. खरखरणारा पंखा बदला. सगळे कनेक्टर एकेक करून काढून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून परत बसवा. नुसत्या या कामाने मी बरीच "गेलेली" यंत्रं उठलेली पाहिली आहेत.

मग भिंग घेऊन सोल्डर तपासा. फ्लायबॅक (उच्च दाब तयार करणारा ट्रान्सफॉर्मर), लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर, योकचे (झोत वळवणाऱ्या कॉइलचे) कनेक्टर, पॉवर ट्रान्सफॉर्मरचे पाय: जिथे उष्णता आणि वजन दोन्ही आहे तिथे पायाभोवती बारीक गोल चीर पडलेली दिसते. हे ड्राय सोल्डर. जुनं सोल्डर पंपाने ओढून नवं भरा. वरून नुसती भर घातली तर चीर आत तशीच राहते.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वरून फुगलेला नसला तरी आतून सुकलेला असतो, म्हणून ईएसआर (आतला रोध) मोजणारा मीटर हवा. पॉवर सप्लाय आणि डिफ्लेक्शन, म्हणजे झोत वळवणारी सर्किटं, यांच्यातले जे जास्त ईएसआर दाखवतील ते बदला. नवे १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचे घ्या. सगळे डोळे मिटून बदलत सुटू नका. काढताना बोर्डचे ट्रॅक उखडतात आणि एका दोषाचे चार होतात. एका वेळी एक बोर्ड, काढण्याआधी फोटो.

पहिल्यांदा वीज देताना मी जुन्या तारेचा बल्ब सीरिजमध्ये लावतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने जळत राहिला तर शॉर्ट आहे, पुढे जायचं नाही. एवढं मोठं यंत्र बल्बवर पूर्ण चालू होणार नाही, तशी अपेक्षाही नको. शॉर्ट आहे की नाही एवढंच त्यातून कळतं.

चालू झाल्यावर दिसणाऱ्या दोषांपैकी तीनच सांगतो. एक रंगच नसेल तर आधी त्या ट्यूबच्या मानेत हीटर लाल दिसतो का बघा. दिसत असेल आणि ट्यूबच्या मानेवर बसलेल्या तिन्ही नेक बोर्डांवरचे पार्ट नंबर सारखे असतील, तर यंत्र बंद करून, डिस्चार्ज करून दोन बोर्डांची अदलाबदल करा. दोष बोर्डाबरोबर सरकला तर बोर्ड, तिथेच राहिला तर ट्यूब किंवा मागचा सिग्नल. दुसरं, यंत्र चालू होऊन लगेच बंद पडतं: बहुतेकदा एखादं डिफ्लेक्शन चालत नसतं आणि प्रोटेक्शन झोत तोडतं, नाहीतर एकाच रेषेत साचलेला झोत फॉस्फर जाळून टाकेल. दोष डिफ्लेक्शनमध्ये शोधा. तिसरं, एकच रंग अचानक कमानीसारखा वाकतो. लगेच रिमोट हातात घेऊ नका. कन्व्हर्जन्स अॅम्प्लिफायरचा धन किंवा ऋण सप्लाय गेलेला असू शकतो. फ्यूज आणि दोन्ही व्होल्टेज आधी मोजा.

काही यंत्रांत जुळवणीची स्मृती छोट्या बॅटरीवर टिकलेली असते. ती काढण्याआधी मेनूच्या प्रत्येक पानाचे फोटो घ्या.

ग्लायकॉल बदलणं

ट्यूबच्या काचेसमोर द्रव भरलेला एक कप्पा असतो. तो ट्यूब थंड ठेवतो, आणि ज्या यंत्रांत मागचं भिंग, म्हणजे सी-एलिमेंट, थेट या द्रवाला टेकलेलं असतं त्यांत आतली परावर्तनंही कमी करतो. द्रव इथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण असतं. जुन्या यंत्रात तो गढूळ होतो किंवा त्यात बुरशी धरते: टॉर्च मारला की कडेपासून आत येणारे पांढरट धागे आणि ठिपके दिसतात, साठलेल्या पाण्यात शेवाळ धरावं तसे. पडद्यावर त्याचा परिणाम म्हणजे पांढऱ्या अक्षरांभोवती धुकं आणि काळ्या भागात पसरलेला उजेड. लोक तेव्हा फोकसच्या मागे लागतात. फोकसचा त्यात काही संबंध नसतो.

यंत्र बंद, डिस्चार्ज केलेलं आणि पूर्ण थंड हवं. लेन्स उतरवा, खाली पसरट भांडं ठेवा. भरण्याच्या तोंडाचा बूच सावकाश सैल करा, आधी दाब निघू द्या. द्रव काढल्यावर सी-एलिमेंटचे स्क्रू आडव्यातिडव्या क्रमाने थोडे थोडे ढिले करा. एकच कोपरा पूर्ण उघडला तर काचेवर ताण येतो. भिंग सुटलं की ओ-रिंग तपासा. चपटी झालेली किंवा चीर गेलेली ओ-रिंग परत वापरली तर गळती नक्की, आणि खाली हाय व्होल्टेज आहे.

कप्पा आणि काचा डिस्टिल्ड वॉटरने आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने धुवा. ट्यूबच्या काचेवर अपघर्षक काहीही चालणार नाही. मागच्या भिंगावर रंगाचा किंवा परावर्तन कमी करणारा थर असू शकतो, तिथे हलका हात. कप्पा पूर्ण वाळू द्या. आत पाण्याचा थेंब राहिला तर बुरशीला पुन्हा घर मिळतं.

नवा द्रव प्रोजेक्टरसाठीचाच घ्या, किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं प्रमाण धरून प्रयोगशाळेच्या शुद्धतेच्या घटकांपासून बनवा. गाडीचा कूलंट नको. त्यात रंग आणि इतर रसायनं असतात, आणि इथे सगळं चित्र त्या द्रवातून जाणार आहे. ओतताना बाटली तिरकी धरून भिंतीवरून सोडा म्हणजे फेस होत नाही. भरल्यावर यंत्र हलवत, कप्प्यावर बोटाने टकटक करत बुडबुडे तोंडापाशी आणायचे. हे चिकाटीचं काम आहे. भिंगाच्या मध्यापासून दूर दिसणारा एक छोटा बुडबुडाही सोडायचा नाही, कारण द्रव तापला की तो फिरत फिरत समोर येतो. द्रव तापून फुगतो त्यासाठी कप्प्याला रबरी पडदा असतो. तो आधीच ताणला जाईल इतकं ठासून भरू नका.

इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, म्हणून लहान मुलं आणि पाळीव प्राणी खोलीबाहेर. सांडलेलं लगेच पुसा. पोटात गेल्याची शंका जरी आली तरी थेट डॉक्टर गाठा.

जागा ठरवणं

यंत्र जिथे कायम राहणार तिथेच जुळवणी करा. पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही झोतावर परिणाम होतो, त्यामुळे यंत्राची दिशा बदलली की तिन्ही रंग थोडे सरकतात. मोठे स्पीकर लांब ठेवा.

पडद्यापासूनचं अंतर लेन्सप्रमाणे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. साधारण पडद्याच्या रुंदीच्या दीड पट धरून चाला, पण छताला भोकं पाडण्याआधी तक्ता बघा. नऊ इंची ट्यूबचं यंत्र शंभर किलोच्या जवळपास जातं, तेव्हा लटकवायचं असेल तर स्लॅबमधला आधार जाणत्या माणसाकडून करून घ्या. हिरव्या लेन्सचा मध्य पडद्याच्या उभ्या मध्यरेषेवर हवा. प्रोजेक्टरच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांपासून पडद्याच्या दोन्ही कडांपर्यंतची अंतरं टेपने मोजा, ती जुळेपर्यंत यंत्र हलवा. लाल आणि निळी ट्यूब किती आत वळवायची तेही पडद्याच्या आकारावर ठरतं, आणि ते बोल्टने करायचं असतं. बहुतेक वाकडी चित्रं या मोजमापाच्या कंटाळ्यातून जन्मतात.

लेन्स आणि झोत

यंत्र किमान अर्धा तास, जमल्यास तासभर चालू द्या. थंड यंत्रावर जुळवलेलं चित्र गरम झाल्यावर सरकतं. पुढे ज्या सिग्नलवर चित्रपट बघणार तोच आत द्या, कारण जुळवणी त्या फ्रिक्वेन्सीपुरतीच साठते.

सिग्नल ठरवताना ट्यूबची ताकद बघा. आडवी फ्रिक्वेन्सी म्हणजे एकूण रेषा (न दिसणाऱ्या धरून) गुणिले सेकंदाला होणारे फेरे: ७२०पी ६० हर्ट्झला ७५० गुणिले ६०, म्हणजे ४५ किलोहर्ट्झ. १०८०पी ६० ला ६७.५ किलोहर्ट्झ. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणून ७२ हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा दिसते आणि हालचाल सुरेख होते; पण १०८०पी ला त्यासाठी ८१ किलोहर्ट्झ लागतात, ७२०पी ला ५४. सात इंची ट्यूबवर १०८०पी चा हट्ट धरला तर रेषा एकमेकींवर चढतात आणि चित्र उलट मऊ होतं. त्यापेक्षा ७२०पी द्या आणि प्रत्येक रेषा वेगळी दिसू द्या. एचडीएमआयचा सिग्नल कन्व्हर्टरने आरजीबी (लाल, हिरवा, निळा) आणि वेगळ्या आडव्या-उभ्या सिंकमध्ये बदलून बीएनसी तारांनी आत न्यायचा. पाचही तारा सारख्या लांबीच्या आणि ७५ ओमच्या.

आता कॉन्ट्रास्ट आणि ब्राइटनेस अगदी कमी करून लेन्समधून तिरकं, प्रत्येक ट्यूबच्या तोंडावरचं चित्र बघा. ते फॉस्फरच्या बरोबर मध्यावर हवं. कडांना काही मिलिमीटर जागा सोडून जितका फॉस्फर वापरता येईल तितका वापरा. मोठ्या भागावर पसरलेला झोत ट्यूबला कमी झिजवतो आणि धार जास्त देतो. पडद्यावर चित्र बाजूला पडत असेल तर रास्टर, म्हणजे ट्यूबवर उमटणारा उजेडाचा आयत, सरकवून ते मध्यावर आणायचं नाही. यंत्र सरकवा.

मग फोकस. आधी इलेक्ट्रिकल फोकस, ट्यूबच्या तोंडावर बघून. नंतर लेन्सवरचे दोन नट: एक मध्याचा, दुसरा कडांचा. मध्य धारदार करा, मग कडा, मग परत मध्य, कारण एक हलवला की दुसरा थोडा बिघडतो.

तरीही डावी कड धारदार आणि उजवी मऊ राहिली तर लेन्सचा कल चुकलाय. १९०४ मध्ये थिओडोर शाइम्पफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने हवाई छायाचित्रांतला तिरकेपणा काढण्यासाठी जे तत्त्व पेटंटमध्ये मांडलं तेच इथे लागू आहे: वस्तू, भिंग आणि पडदा यांची प्रतलं वाढवली तर ती एका रेषेत मिळाली पाहिजेत. व्यवहारात याचा अर्थ लेन्सच्या पट्टीखालचे स्प्रिंगवाले बोल्ट थोडे थोडे फिरवणं. हे काम एकट्याने होत नाही. मी पान्हा घेऊन लेन्सपाशी, मुलगी भिंग घेऊन पडद्यापाशी. तिच्या समोर ठिपक्यांचा पॅटर्न असतो आणि ती वरून खाली सांगत जाते, "बाबा, उजवा वरचा येतोय... अजून थोडं... बस, आता डावा गेला." पाव फेऱ्याहून जास्त कधी फिरवायचं नाही, आणि दर वेळी मध्य परत तपासायचा. चारही कोपऱ्यांत ठिपका सारखा दिसू लागला की बोल्ट घट्ट करा. घट्ट करतानाही तो सरकतो, तेव्हा ती पडद्यापाशीच थांबते.

ठिपका गोल नसेल तर ट्यूबच्या मानेवरची चुंबकांची कडी बघा. यंत्र चालू असताना इथे हात जातो, म्हणून इन्सुलेटेड साधन आणि एकच हात. इलेक्ट्रिकल फोकस मुद्दाम दोन्ही बाजूंना हलवा. ठिपका जागेवरून सरकला तर दोन ध्रुवांची कडी फिरवून तो एका जागी फुलेल असं करा. मग तो फुलताना लांबट होत असेल तर चार ध्रुवांची कडी. फोकस घालवला की ठिपका सगळीकडे सारखा, गोल पसरला पाहिजे. हिरव्यावर या कामाला हवा तेवढा वेळ द्या. चित्रातला सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, आणि बऱ्याच यंत्रांत कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर या कड्यांना कोणी हातही लावलेला नसतो.

भूमिती आणि कन्व्हर्जन्स

लाल आणि निळा बंद करा. पडद्याच्या मध्यावर ओळंबा सोडा, आडवा एक दोरा ताणून स्पिरिट लेव्हलने सरळ करा. हिरव्या जाळीच्या मधल्या दोन रेषा या दोऱ्यांवर बसवायच्या: आधी जागा, मग तिरकेपणा, मग कमान. त्यानंतर लिनिअॅरिटी, म्हणजे चौकोन सगळीकडे सारखे, आणि आकार. शेवटी कडांचा कीस्टोन (एका बाजूला निमुळतं चित्र) आणि पिनकुशन (आत वाकलेल्या कडा). मध्यातून बाहेर जायचं, कडेवरून मध्याकडे कधीच नाही.

हिरवा एकदा बसला की त्याला हात लावायचा नाही. त्यावर लाल चालू करा आणि त्याच क्रमाने जुळवा. रेषा जुळली की पिवळी दिसते. लाल बंद करून निळा घ्या, जुळल्यावर रेषा आकाशी होते. विभागवार जुळवणीची सोय असेल तर ती शेवटच्या बारीक फरकासाठीच ठेवा. एखाद्या विभागात आकडा टोकाला जातोय असं दिसलं तर थांबा आणि मागे जा: टो-इन (ट्यूब आत वळवण्याचा कोन) किंवा योक फिरलेला असणार. योक सैल करून जाळी आडवी करणं हे पान्ह्याचं काम, आणि ते जिथल्या तिथेच झालं पाहिजे.

काळा, करडा, पांढरा

जी-टू, म्हणजे झोताची मूळ पातळी ठरवणारं ट्यूबचं व्होल्टेज, त्यापासून सुरुवात. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टवर काळा सिग्नल द्या, खोली पूर्ण अंधारी करा, डोळ्यांना सवय होऊ द्या. एकेका ट्यूबचा जी-टू रास्टर जेमतेम दिसेपर्यंत वाढवा आणि नाहीसा होईपर्यंत मागे घ्या. तो जास्त ठेवला तर काळा करडा होतो, परतीच्या रेषा दिसतात आणि ट्यूब विनाकारण झिजते.

मग करड्या पट्ट्या. गडद करड्यावर, साधारण २० ते ३० टक्के पातळीला, लाल-निळ्याचा कटऑफ, म्हणजे गडद भागातली पातळी. ८० टक्क्यांच्या पांढऱ्यावर ड्राइव्ह, म्हणजे उजळ भागातली. हिरवा स्थिर ठेवा. लक्ष्य डी६५ हा प्रमाण पांढरा, म्हणजे एक्स ०.३१२७, वाय ०.३२९०. कलरिमीटर (रंग मोजणारा मीटर) पडद्याकडे तोंड करून ठेवा, म्हणजे पडद्याचा रंगही हिशोबात येतो. कटऑफ आणि ड्राइव्ह एकमेकांना ओढतात, फेऱ्या माराव्या लागतात. मीटर नसेल तर कृष्णधवल चित्रपट लावा. चेहऱ्यावर सावलीपासून उजेडापर्यंत कुठेही गुलाबी किंवा निळी झाक दिसली तर त्या पातळीचा आकडा हलवा.

निळ्याची एक अडचण आहे. निळा फॉस्फर जोरात उजळवला की लवकर संपृक्त होतो, आणि भडक पांढऱ्यात निळा मागे पडून पिवळसरपणा येतो. म्हणून निळ्या ट्यूबचा फोकस मुद्दाम किंचित सोडायचा. ठिपका पसरतो, जास्त फॉस्फर वापरला जातो, उजेड वाढतो. निळ्याचा वाटा जेमतेम ७ टक्के असल्याने डोळ्याला धार गेल्याचं जाणवत नाही. पांढऱ्या अक्षरांभोवती निळी कड दिसू लागली तर जास्त सोडलाय, मागे या. हे मात्र ड्राइव्ह लावण्याआधी करा.

कॉन्ट्रास्ट शेवटी. काळ्यावर पांढऱ्या बारीक उभ्या रेषा ठेवून वाढवत जा. रेषा जाड व्हायला लागली की तिथून दोन पायऱ्या खाली. यापेक्षा जास्त उजेड हवा असेल तर पडदा लहान करा, भिंती गडद रंगवा. ट्यूबकडून तो मागू नका.

सगळं मेमरीत साठवा, प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि तारीख टाकून वहीत आकडे लिहा. दुसऱ्या दिवशी यंत्र गरम करून जाळी परत बघा. नव्याने सोल्डर केलेल्या किंवा खोललेल्या यंत्रात थोडं सरकलेलं दिसतंच. थांबलेला मेनू किंवा चॅनेलचा लोगो तासन्‌तास पडद्यावर ठेवू नका. पुढे ऋतू बदलला की बहुधा लाल आणि निळ्याचं मधलं स्थान तेवढं किंचित सरकवावं लागतं. त्याहून जास्त सरकलं असेल तर रिमोट खाली ठेवा आणि आधी बोल्ट तपासा.